गाडीच्या सीटची घरगुती सफाई : पाणी कमी, वारा भरपूर

नमस्कार, श्रोतेहो. दिवाळीच्या तोंडावर आपण घराचा कानाकोपरा झाडून काढतो, गाडीही बाहेरून धुतो, परंतु चार महिन्यांचा पावसाळा, ओल्या छत्र्या आणि चिखलाचे पाय जिच्यात मुरलेले असतात ती गाडीची आतली बाजू मात्र पायपुसण्या झटकण्यापलीकडे जात नाही. ही सफाई घरी उत्तम होते. मात्र एक गोष्ट आधीच पक्की लक्षात ठेवावी, ती म्हणजे पाणी कमी आणि वारा भरपूर. सीटच्या कापडाखाली जाड स्पंज असतो, त्यात गेलेले पाणी सहजी बाहेर येत नाही, आणि त्याच्याही खाली विजेच्या तारा असतात. म्हणून पुन्हा सांगतो, पाणी कमी, वारा भरपूर.

आमच्या शेजारचे एक गृहस्थ गावाहून पुण्याला परतत होते. गोठ्यातली म्हैस नुकतीच व्याली होती, म्हणून घरच्यांनी पहिल्या दिवसाचा चीक बरणीत भरून प्रेमाने दिला होता, आणि ती बरणी त्यांनी डोळ्यांसमोर राहावी म्हणून शेजारच्या सीटवर ठेवली होती. घाटातल्या एका वळणावर बरणी कलंडली, झाकण सुटले आणि बराचसा चीक सीटमध्ये जिरला. सकाळी त्यांनी चिकट भांड्याला लावतो तोच न्याय सीटला लावला आणि पातेलेभर उकळते पाणी तिच्यावर ओतले. ज्यांनी घरी खरवस केला आहे, त्यांच्या लक्षात पुढचे आले असेल. चिकातली प्रथिने उष्णतेने गोठतात, म्हणून तर वाफेवर त्याच्या वड्या पडतात. तेच येथे स्पंजच्या छिद्राछिद्रांत घडले. दोन-चार दिवसांत गाडीत बसवेना. गृहस्थांनी सुगंधी डबी आणून लावली, तेव्हा आंबूस वास आणि मोगरा असे दोन्ही एकदम येऊ लागले. वास मारणारी डबी ही सफाई नव्हे, हे माझे ठाम मत आहे. वास येतो याचा अर्थ काहीतरी अजून आत आहे.

पुढे डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला आणि तो विझेना. गॅरेजमधल्या अनुभवी मिस्त्रींनी आधी बॅटरीची तार काढली, काही वेळ थांबले, मगच सीट उचलली आणि खालचा पिवळा जोड दाखवला. तो ओला होऊन गंजू लागला होता. एअरबॅगच्या तारा बहुधा पिवळ्या असतात, त्या ओळखता याव्यात आणि कोणी त्यांना सहज हात लावू नये म्हणून. शिवाय १ जुलै २०१९ पासून बनणाऱ्या मोटारींत शेजारच्या प्रवाशालाही पट्ट्याची आठवण करून देणारी घंटी सक्तीची आहे, त्यामुळे त्या सीटवर कोणी बसले आहे की नाही हे ओळखणारा सेन्सर बहुधा गादीतच असतो. त्या मिस्त्रींनी स्पंज बदलायला लावला, कारण गोठलेले काही केल्या निघेना.

तेव्हा दूध, चीक, अंडे असे काही सांडले तर आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, चोळू नये. मग थंड पाण्यात पिळलेले कापड फिरवावे. थंडच पाणी, गरम नव्हे. कपड्यांच्या एन्झाइमयुक्त पावडरीचा नुसता फेस मऊ ब्रशने लावून लगेच टिपावा, पुन्हा साध्या ओल्या कापडाने पुसावे. सीट वाळल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरून रात्रभर ठेवावा आणि सकाळी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. चारही दारे उघडून टेबलफॅनचा झोत सीटवर सोडावा. नव्या गाडीच्या सीटवरचे प्लॅस्टिक वर्षानुवर्षे जपणारी घरे मी पाहतो. ते प्लॅस्टिक ओल अडवून ठेवते, म्हणून गाडी घरी आली त्याच दिवशी ते काढावे.

सीटबेल्टविषयी विशेष सांगतो. त्याला ब्लीच किंवा तीव्र रसायन लावू नये, कारण त्याने धागे दुबळे होतात आणि अपघाताच्या क्षणी त्या धाग्यांवरच आपला जीव असतो. पट्टा पूर्ण बाहेर ओढून सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच आत जाऊ द्यावा.

ब्लीच आणि संडास साफ करण्याचे आम्ल एकत्र आले की क्लोरीन हा विषारी वायू निघतो. गाडीइतक्या लहान जागेत तो फार घातक आहे, म्हणून ही दोन्ही तेथे नेऊच नयेत. सॅनिटायझर किंवा स्पिरिट वापरायचे असेल, तर इंजिन बंद, दारे उघडी आणि आसपास ज्योत नको. डॅशबोर्डच्या बटणांवर थेट फवारा मारू नये. कापडावर घेऊन पुसावे. रेक्झिनला पेट्रोल आणि थिनर वर्ज्य.

बुरशी दिसली तर मास्क लावून गाडी उन्हात उघडी ठेवावी आणि कोरडी झाल्यावर पुसावी. तरीही एसी सुरू करताच कुबट वास आला, तर सीटकडे पुन्हा वळू नये. बऱ्याच गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे हवेचा फिल्टर असतो. तो काळा पडला असेल तर धूत न बसता नवा घालावा. नमस्कार.