वॉशिंग्टन आडनावाची माणसं

[दृश्य: पिवळा पडलेला कागद. पिसाच्या लेखणीने लिहिलेली तिरकी अक्षरं.]

मे 1792. फिलाडेल्फिया. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन लंडनला एक पत्र धाडतात. पत्र आहे सर आयझॅक हर्ड यांना. इंग्लंडातल्या घराण्यांची मानचिन्हं आणि वंशावळी सांभाळणाऱ्या दफ्तराचे ते प्रमुख. त्यांनी विचारलं होतं, तुमचं घराणं मूळचं कुठलं?

राष्ट्राध्यक्षांचं उत्तर अगदी सरळ आहे. या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही, हे ते कबूल करतात. पूर्वज इंग्लंडच्या उत्तरेकडून आले एवढं ऐकून आहेत. पण लँकेशायरहून, यॉर्कशायरहून, की आणखी वरच्या एखाद्या परगण्यातून, ते नीटसं आठवत नाही.

ज्या नावावर तोवर नव्या राजधानीची आखणीसुद्धा सुरू झाली होती, त्या नावाचं मूळ गाव खुद्द नाव लावणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

त्याच वर्षी, या पत्राच्या दोनएक महिने आधी, हेच आडनाव लावणारा आणखी एक माणूस अटलांटिक ओलांडून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला होता. त्याचं नाव हॅरी. त्याच्यापाशी आपल्याला यायचंच आहे. पण आधी गाव पाहू.

[दृश्य: वेअर नदी, सकाळचं धुकं.]

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅमचा मुलूख. तिथे वेअर नदीपासून थोड्या अंतरावर वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. एके काळी कोळशाच्या खाणींचं. आज संडरलंड शहराच्या हद्दीत मोडणारं. गावाचं नाव जुन्या, हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतलं. ह्वेसा नावाचा कुणी एक मूळपुरुष, 'इंग' म्हणजे त्याची माणसं, 'टून' म्हणजे वाडी. ह्वेसाच्या माणसांची वाडी. या ह्वेसाबद्दल बाकी काहीच मागे राहिलेलं नाही.

डरहॅमचे बिशप त्या काळी नुसते धर्मगुरू नव्हते, आपल्या मुलखाचे जवळपास राजेच होते. 1183 मध्ये बिशप ह्यू द प्यूसे यांनी मुलखाची गाववार पाहणी करवून घेतली. कुणाकडे कुठलं गाव, आणि त्यापोटी तो काय देणं लागतो, याची ती नोंदवही. तिला 'बोल्डन बुक' म्हणतात. तिच्यात लिहिलंय: विल्यम द हर्टबर्न याच्याकडे वेसिंग्टन गाव आहे, चर्च आणि चर्चची जमीन वगळून. त्याने हर्टबर्न हे आपलं गाव सोडून दिलं, त्या बदल्यात त्याला हे मिळालं. तो चार पौंड भरतो आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार ग्रेहाउंड कुत्रे घेऊन हजर राहतो.

विल्यमकडे हर्टबर्न होतं तेव्हा तो 'द हर्टबर्न' होता. गाव बदललं तशी ओळख बदलली आणि घराणं 'द वेसिंग्टन' झालं. नॉर्मन फ्रेंचमधला हा 'द' म्हणजे आपला 'कर'. वेसिंग्टनकर म्हणा ना! एक फरक आहे. आपल्याकडे बहुधा गाव सोडल्यावर 'कर' चिकटतो; गावातल्या गावात सगळेच त्या गावचे, तिथे कोण कुणाला गावाच्या नावाने हाक मारणार? इंग्लंडात त्या काळी गाव ज्याच्या ताब्यात, तो गावाचं नाव लावी. म्हणजे हे आडनाव जमिनीच्या अदलाबदलीतून जन्माला आलं. विल्यमने तो सौदा केला नसता, तर आज अमेरिकेच्या नकाशावर हे नाव नसतं.

पुढे लिहिणाऱ्याच्या कानाला जसं येईल तसं हे नाव कागदावर उतरत राहिलं. कधी वेसिंग्टन, कधी वॉशिंग्टन. डरहॅमच्या मोठ्या मठाचे 1416 ते 1446 अशी तीस वर्षं प्रमुख असलेले जॉन वेसिंग्टन याच नावाचे. मूळ गाव वारसाहक्काने मुलीकडून दुसऱ्या घराण्यात गेलं. धाकट्या पात्या बाहेर पडल्या. एक पाती लँकेशायरमधल्या वॉर्टनला स्थिरावली. आणि बाहेर पडल्यावर मात्र हे लोक आपल्या अर्थानेही वॉशिंग्टनकर झाले. गाव मागे राहिलं, 'कर' सोबत आला.

[दृश्य: सलग्रेव्हचं घर. देवडीवरची दगडी ढाल, जवळून.]

लँकेशायरहून लॉरेन्स वॉशिंग्टन दक्षिणेला नॉर्दॅम्प्टनला आला आणि लोकरीच्या व्यापारात त्याने पैसा केला. शहराचा तो दोनदा महापौर झाला. त्याच सुमारास राजा आठवा हेन्री याने इंग्लंडातले मठ मोडीत काढले आणि त्यांच्या जमिनी विक्रीला काढल्या. 1539 मध्ये लॉरेन्सने सलग्रेव्हची मठाची जमीन राजाकडून विकत घेतली आणि तिथे घर बांधलं. ते आजही उभं आहे.

देवडीवरची ही ढाल जरा थांबून बघा. दोन आडवे पट्टे. त्यांच्या वर एका ओळीत तीन तारे. रंगवली की ढाल पांढरी, पट्टे आणि तारे तांबडे. आपण त्यांना तारे म्हणतो, पण मानचिन्हांच्या जाणकारांच्या लेखी ही स्वाराच्या टाचेवरची दातेरी चक्री, घोड्याला इशारा द्यायची. पाऊसपाण्याने दगडाच्या कडा बोथट झाल्या आहेत, तरी टोकं मोजता येतात. याच चिन्हावरून 1938 मध्ये वॉशिंग्टन शहराचा झेंडा घेतला: पांढऱ्यावर दोन तांबडे पट्टे, तीन तांबडे तारे. अमेरिकेच्या राष्ट्रध्वजावरचे तारे आणि पट्टेही इथूनच गेले असं पुष्कळ जण हौसेने सांगतात. त्याला पुरावा नाही, म्हणून आपण ते सांगायचं नाही.

लॉरेन्सच्या पुढच्या पिढ्यांना ते वैभव टिकवता आलं नाही. त्याच्या नातवाचा मुलगा, त्याचंही नाव लॉरेन्सच, ऑक्सफर्डला शिकला आणि एसेक्समधल्या पर्ली गावी धर्मगुरू झाला. परगणा चांगल्या उत्पन्नाचा होता. मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटलं. लॉरेन्स राजाच्या बाजूचा. 1643 मध्ये पार्लमेंटच्या लोकांनी त्याला काढून टाकलं. ठपका असा, की हा सदा दारूच्या गुत्त्यात असतो. त्याला ओळखणाऱ्यांनी मात्र पुढे तो सभ्य आणि संयमी होता अशीच साक्ष दिली. एका गरीब, लहानशा परगण्यावर त्याने कसेबसे दिवस काढले आणि 1653 च्या सुरुवातीला माल्डनला त्याला मूठमाती मिळाली. मागे मुलं होती, पण त्यांना द्यायला काही नव्हतं.

थोरला जॉन. त्याने समुद्र धरला. 'सी हॉर्स ऑफ लंडन' या जहाजावर भागीदार आणि कप्तानाच्या हाताखालचा माणूस म्हणून तो व्हर्जिनियाला तंबाखू भरायला गेला. 1657 च्या सुरुवातीला, परतीचा माल चढवलेला असताना, पोटोमॅक नदीत जहाज गाळात रुतलं, वादळात सापडलं आणि बुडालं. तंबाखू गेला. जहाज पुन्हा वर काढलं, पण जॉन परत गेला नाही. नॅथॅनिएल पोप नावाच्या तिथल्या बड्या जमीनदाराने त्याला आसरा दिला. पुढे त्याच्या मुलीशी, ॲनशी, जॉनचं लग्न झालं आणि सासऱ्याने 700 एकर जमीन दिली. 1674 मध्ये त्याने एका भागीदाराबरोबर पोटोमॅकच्या काठी 5,000 एकरांची सनद मिळवली. त्याच जमिनीच्या अर्ध्या वाट्यावर पुढे माऊंट व्हर्नन, जॉर्ज वॉशिंग्टन यांचं शेतीवाडीचं घर, उभं राहिलं. जॉनचा पणतू म्हणजे जॉर्ज, जन्म 22 फेब्रुवारी 1732.

घराण्याचा इतिहास सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात. राष्ट्राध्यक्ष झाले, वंशावळ पूर्ण झाली. मला मात्र वाटतं की आडनावाची खरी गोष्ट इथून पुढेच आहे. कारण व्हर्जिनियातला तंबाखू पिकवत कोण होतं?

[दृश्य: बंदर. नोंदवहीचं उघडलेलं पान.]

हॅरीचा जन्म 1740 च्या आसपास, गँबिया नदीच्या मुलखातला. पकडून आणलेला. 1763 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी त्याला विकत घेतलं आणि दलदल उपसायच्या कामाला लावलं. पुढे माऊंट व्हर्ननला तो घोडे सांभाळू लागला. 1771 मध्ये तो पळाला आणि सापडला. त्याला शोधायच्या जाहिरातीला मालकाने पैसे मोजल्याची नोंद हिशेबात आहे.

1775 च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या ब्रिटिश गव्हर्नरने जाहीर केलं: बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या बाजूने शस्त्र धरतील ते मुक्त. पुढच्या वर्षी हॅरी पुन्हा पळाला. या वेळी सापडला नाही. एकीकडे जॉर्ज वॉशिंग्टन देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढत होते, दुसरीकडे त्यांच्याच तबेल्यातला माणूस स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी समोरच्या फौजेत होता. 'ब्लॅक पायोनियर्स' या तुकडीत तो कॉर्पोरल झाला.

1783. युद्ध संपलं, ब्रिटिश हरले. 6 मे रोजी वॉशिंग्टन यांनी ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन यांच्या भेटीत आमचे गुलाम परत करा, ही मागणी मांडली. कार्लटन यांनी नकार दिला. ज्यांना स्वातंत्र्याचं वचन दिलं त्यांना परत करणं हा वचनभंग ठरेल, असं त्यांचं म्हणणं. भरपाईचा प्रश्न आलाच तर हाताशी असावी म्हणून न्यूयॉर्क बंदरात जहाजावर चढणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवली गेली. सुमारे 3,000 नावं. त्यातली एक ओळ:

हॅरी वॉशिंग्टन, वय 43, उमदा गडी. पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांची मालमत्ता. सात वर्षांपूर्वी त्यांना सोडून आला.

सोडून आला. पळाला असं लिहिलेलं नाही. त्या वहीत कारकुनाने खरडलेले हे शब्द वाचताना मला दर वेळी थांबावं लागतं. आणि आडनाव पूर्ण लिहिलंय, वॉशिंग्टन. ते मालकाने बहाल केलं, कारकुनाने जोडलं की हॅरीने स्वतः सांगितलं, ते ओळ सांगत नाही. पुढे मात्र त्याने ते जन्मभर लावलं.

जहाज कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला गेलं. बर्चटाऊन नावाच्या वसाहतीत खडकाळ जमीन, कडाक्याची थंडी. तिथे काही वर्षं काढल्यावर, जानेवारी 1792 मध्ये, हॅलिफॅक्सहून पंधरा जहाजं निघाली. त्यांत जवळजवळ 1,200 मुक्त कृष्णवर्णीय होते, आणि हॅरी व त्याची बायको जेनीही. मार्चपर्यंत ती सिएरा लिओनला लागली आणि फ्रीटाउन वसलं. डरहॅममधल्या एका वाडीचं नाव असं सहाशे वर्षांनी आफ्रिकेत उतरलं, आफ्रिकेतूनच धरून नेलेल्या माणसाच्या पाठीवरून.

वसाहत चालवणाऱ्या कंपनीने जमिनीवर कर लावला. वसाहतवाल्यांना तो जाच वाटला आणि 1800 मध्ये त्यांनी बंड केलं. कराच्याच प्रश्नावर अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन आणि त्यांचे सोबती उठले होते. फ्रीटाउनच्या बंडात हॅरी होता. बंड मोडलं, आणि कंपनीने त्याला नदीपल्याड बुलम किनाऱ्यावर हद्दपार केलं. तिथल्या हद्दपार लोकांनी त्याला आपला म्होरक्या केलं. माऊंट व्हर्ननचे जुने मालक जाऊन तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं.

त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. डिसेंबर 1799 मध्ये ते गेले त्या वर्षी माऊंट व्हर्ननला 317 गुलाम होते. त्यांतले 123 त्यांच्या मालकीचे. आपल्या पत्नीच्या पश्चात त्यांना मुक्त करावं असं मृत्युपत्रात लिहिलेलं होतं. मार्था वॉशिंग्टन यांनी 1 जानेवारी 1801 रोजी, आपल्या हयातीतच, ते करून टाकलं.

[दृश्य: मिठाच्या पिंपांची रांग. एका पिंपावर 18 हा आकडा.]

1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि लाखो माणसांना एकाएकी दुसऱ्या नावाची गरज पडली. मालकाच्या वहीत तोवर नुसतं पहिलं नाव असे. काहींनी आपापसात आडनावं जपलेली होती, काहींनी जुन्या मालकाचं टाकलं आणि मनाला येईल ते घेतलं. मोठ्या अभिमानाने ते या जोडनावांना आपले 'एन्टायटल' म्हणत, हक्काचं असं काहीतरी.

वॉशिंग्टन हे नाव कितीतरी जणांनी घेतलं. 2000 सालच्या अमेरिकी जनगणनेत हे आडनाव लावणारे सुमारे 1 लाख 63 हजार लोक निघाले, आणि शंभरातले नव्वद कृष्णवर्णीय होते. त्यातल्या बहुतेकांचा माऊंट व्हर्ननशी कधी संबंधही आलेला नाही. हर्ड यांनी लंडनला जमवलेल्या वंशावळीत यांतला एकही नाही. पण आज हे आडनाव जिवंत ठेवलंय ते यांनीच.

त्यांतला एक बुकर. जन्म 1856, व्हर्जिनियातला, गुलाम म्हणून. स्वातंत्र्यानंतर आई त्याला घेऊन वेस्ट व्हर्जिनियात माल्डनला गेली. तिथे सावत्र वडील मिठाच्या भट्टीवर होते. हो, याही गावाचं नाव माल्डन. सावत्र वडिलांच्या पिंपांवर कंत्राटाचा आकडा टाकला जाई: 18. त्या मुलाने आयुष्यात सगळ्यात आधी वाचायला शिकलेली अक्षरं ही. हाच बुकर 1872 मध्ये हॅम्प्टनच्या शाळेत पोचला. तो तिथे शिकत होता तेव्हाच, 1873 मध्ये, इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली. 1881 मध्ये बुकर टस्किगीच्या शाळेचा प्रमुख झाला.

पण ते नंतरचं. आधी माल्डनची छोटी शाळा. नऊ वाजेपर्यंत भट्टीवर काम, मग वर्ग, मग पुन्हा काम. पहिल्या दिवशी हजेरी सुरू झाली आणि पोरगा घाबरला. इतर मुलांना दोन-दोन नावं होती, काहींना तर तीन. त्याला आजवर नुसतं बुकर म्हणत. सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. नावं वाचत वाचत मास्तर त्याच्यापाशी आले आणि पूर्ण नाव विचारलं.

तो शांतपणे म्हणाला, बुकर वॉशिंग्टन.

मास्तरांनी लिहून घेतलं, आणि पुढच्या मुलाकडे वळले.