एक ‘पासून’, दोन शब्द

[नागपूरची सीताबर्डी, संध्याकाळ. वरून मेट्रो जाते.]

संध्याकाळचे सहा. बर्डीवर दिवे लागलेत. या गर्दीतून वाट काढत, अरुंद जिना चढून ही मुलं वर इंग्रजीच्या वर्गाला येतात. कुणी दिवसभर दुकानात उभं होतं, कुणी कॉलेजात होतं. शिकलेली सगळी मराठी शाळेत.

[फळा. खडू.]

इथे फळ्यावर आधी मराठी वाक्य येतं, मग इंग्रजी. आजचं वाक्य : ‘मी पाच वर्षांपासून नागपुरात राहतो.’

मागच्या बाकावरचा मुलगा उठून लिहितो : ‘आय ॲम लिव्हिंग इन नागपूर सिन्स फाइव्ह इयर्स.’

मॅडम काही पुसत नाहीत. त्यांचा हात बघा. फक्त दोन रेघा ओढतात, एक ‘पासून’खाली, एक ‘सिन्स’खाली.

“मॅडम, आपण तर दोन्हीले ‘पासून’च म्हणतो!”

बरोबर आहे त्याचं. ‘सोमवारपासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’, मराठीला एकच शब्द पुरतो. इंग्रजीत मात्र आधी ठरवावं लागतं : सुरुवात कधी झाली ते सांगायचंय, की किती काळ लोटला ते? सुरुवात असेल तर सिन्स मंडे. काळ मोजायचा असेल तर फॉर फाइव्ह इयर्स. ही चूक अडाणीपणाची नाही, मराठी पक्की असल्याची आहे. म्हणूनच इंग्रजीचं व्याकरण मराठीतून उलगडून शिकवायला हवं, असं आम्हाला मनापासून वाटतं.

‘पर्यंत’चंही तसंच. ‘पाच वाजेपर्यंत बर्डीवर ये’ आणि ‘पाच वाजेपर्यंत बर्डीवर थांब.’ पहिल्यात पाचच्या आत पोचायचं, तिथे बाय फाइव्ह. दुसऱ्यात पाच होईतो उभं राहायचं, तिथे टिल फाइव्ह. वर्गातल्या दोघी हे करूनच दाखवतात : एक दारातून धावत येते, दुसरी घड्याळाखाली उभी राहते.

[दीक्षाभूमी. स्तूप.]

तारखांसाठी मॅडम मुलांना इथे घेऊन आल्या. बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तो दिवस सगळ्यांना पाठ आहे. पूर्ण तारीख म्हटली की ऑन : ऑन १४ ऑक्टोबर १९५६. नुसता महिना किंवा नुसतं वर्ष असेल तर इन : इन ऑक्टोबर, इन १९५६. ‘सकाळी’ म्हणजे इन द मॉर्निंग, पण ‘१४ तारखेच्या सकाळी’ म्हटलं की लगेच ऑन द मॉर्निंग. दिवस जोडला गेला की शब्द बदलतो. घड्याळातल्या वेळेला ॲट. आणि ‘आज सकाळी’ला टुडे मॉर्निंग नाही, धिस मॉर्निंग.

एवढा खटाटोप कशासाठी? नोकरीच्या मुलाखतीत पहिलंच वाक्य अडखळलं तर पुढचं बोलणं आखडतं, कधी नोकरीही हातची जाते.

[पुन्हा वर्ग.]

मुलगा परत फळ्याशी आलाय. ‘सिन्स’ पुसून त्यानं ‘फॉर’ लिहिलं. पण क्रियापद अजून तसंच आहे. मराठीत ‘राहतो’ एवढ्यानं भागतं. आधी सुरू होऊन आजही चालू असलेली गोष्ट इंग्रजीत सांगताना ‘हॅव’ची जोड लागते.

मॅडम सांगत नाहीत. बाजूला उभ्या राहतात.

‘ॲम’ पुसला जातो. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन नागपूर फॉर फाइव्ह इयर्स.’