मलबार हिल: डोंगर आणि त्यातलं पाणी

गिरगाव चौपाटीवर उभं राहून पश्चिमेला पाहा. समुद्रात शिरलेली ती अरुंद सोंड म्हणजे मलबार हिल. उंची ५० मीटरच्या आसपास. खडक काळा बेसाल्ट, भेगाळलेला. पाऊस या भेगांतूनच आत मुरतो.

[दृश्य: बाणगंगा, पायऱ्या]

सोंडेच्या टोकाकडे वाळकेश्वर. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी इथल्या बाणगंगा तलावाचं पाणी गोडं. रामाच्या बाणाने हे पाणी निघालं, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. खडकातून झिरपलेलं गोडं पाणी इथे झऱ्यावाटे बाहेर पडतं. पोर्तुगीजांनी पाडलेलं वाळकेश्वराचं देऊळ १७१५ मध्ये रामा कामत यांनी पुन्हा उभारलं.

तेव्हा वरचा माथा म्हणजे रानच. १६७० च्या दशकात पारशी समाजाने दखम्यासाठी (मृतदेह ठेवायची उघडी गोल वास्तू) डुंगरवाडीची जागा निवडली, ती वस्तीपासून दूर म्हणूनच. श्रीमंतांचे बंगले नंतरचे. १८८५ च्या सुमारास गव्हर्नरही परळचा वाडा सोडून इथल्या टोकावर आले. (परळच्या त्या वाड्यात आज हाफकिन संस्था आहे.)

[दृश्य: हँगिंग गार्डन]

ही बाग इतकी सपाट का? कारण ती जलाशयाचं छत आहे. १८८० च्या दशकातल्या या जलाशयात सुमारे १४.७ कोटी लिटर पाणी मावतं. ते उंचावर साठवायचं कारण साधं: खालच्या दक्षिण मुंबईला ते उतारानेच पोचतं. अलीकडे तो पाडून नवा बांधायचा बेत होता; शेकडो झाडं जाणार म्हणून रहिवाशांनी विरोध केला, आणि अखेर दुरुस्तीवर भागलं. योग्यच झालं.

[दृश्य: केम्प्स कॉर्नर, संरक्षक भिंत]

उतारावरचे रस्ते मात्र भिंतींच्या आधारावर उभे आहेत. ५ ऑगस्ट २०२० च्या पावसात, कुलाब्याला २४ तासांत ३३१.८ मिमी नोंद झाली तेव्हा, बी. जी. खेर मार्गाची बाजू खालच्या पाटकर मार्गावर कोसळली.

अशा भिंतीला ठराविक अंतरावर भोकं ठेवतात आणि मागे खडीचा थर भरतात. मागचं पाणी खडीतून झिरपून भोकांवाटे निघावं, ही योजना. खडीत माती शिरली, मुळं वाढली किंवा कुणी गिलावा करताना भोकं लिंपली, की पाणी मागेच तुंबतं. माती जड होते, तिची पकड सुटते आणि सगळा रेटा भिंतीवर येतो. भर पावसात भोकं वाहत असतील तर ठीक. भोकं कोरडी आणि दगडांच्या सांध्यांतून पाणी पाझरतंय, किंवा भिंतीला पोट सुटलंय, असं दिसलं तर तिच्या खाली गाडी लावू नये.