कण्हणारी डिस्क आणि मुका पेन ड्राइव्ह

अध्यक्षमहोदया आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘सुवाह्य हार्ड डिस्क घ्यावी की पेन ड्राइव्ह?’ असा छापलेला आहे. त्याचे उत्तर मी देणार आहे, पण शेवटी. कारण माझ्या मते हा प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो. साठवणीचे साधन घेताना आपण ‘किती जीबी?’ एवढेच विचारतो. पहिला प्रश्न ‘हे साधन मरते कसे?’ हा असावा, असे माझे अनेक वर्षांचे म्हणणे आहे. घरी हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले आहे की आता ते मला कोणी पुरे करू देत नाही. आज दारे बंद आहेत आणि माइक माझ्या हातात आहे.

या म्हणण्याला एक घटना कारणीभूत आहे. माझी हार्ड डिस्क टेबलावर संगणकाला जोडलेली होती आणि तिच्यावर कित्येक वर्षांच्या छायाचित्रांची भर चालू होती. केबल जाण्यायेण्याच्या वाटेवर लोंबत होती. भाच्याचा पाय तिच्यात अडकला आणि डिस्क खाली आली. तो धावत आला आणि म्हणाला, “मामा, तुमचा मोठा पेन ड्राइव्ह पडला.” खरे सांगतो, डिस्क पडल्याचे दुःख मला नंतर झाले, आधी झाले ते ‘मोठा पेन ड्राइव्ह’ या शब्दांचे. त्या दोन वस्तूंत केवळ आकाराचा फरक असता, तर पुढचे काहीच घडले नसते.

हार्ड डिस्क हे यंत्र आहे, अगदी जुन्या अर्थाने यंत्र. खिशात मावणाऱ्या त्या डबीत काचेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो आणि सुवाह्य डिस्कमध्ये त्या सहसा मिनिटाला ५,४०० वेळा फिरतात. म्हणजे सेकंदाला नव्वद फेरे. अडीच इंची तबकडीची कड त्या वेळी ताशी पासष्ट किलोमीटरच्या आसपास धावत असते. तिच्यावरून वाचणारे आणि लिहिणारे हेड एका आखूड भुजेच्या टोकाला बसवलेले असते आणि ते तबकडीला टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या उशीवर ते काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगते. माणसाच्या केसाची जाडी साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर असते, यावरून ही उंची किती हे ध्यानात येईल. येथे सगळे वक्ते विमानाची उपमा देतात. ती तुम्ही ऐकलेली असणार, म्हणून मी देत नाही.

आत निर्वात पोकळी असते असा अनेकांचा समज आहे. तशी ती असती तर हेड तरंगले कशावर असते? उलट, नेहमीच्या डिस्कला हवेसाठी मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेले असते, त्याच्या आतून गाळणी असते, आणि हे छिद्र झाकू नये अशी सूचना बहुधा डिस्कच्या आवरणावरच छापलेली असते. हेलियम भरून पक्क्या बंद केलेल्या डिस्क असतात, पण त्या डेटा सेंटरच्या मोठ्या कपाटांतल्या. आपल्या पिशवीतल्या नव्हेत.

तर अशी ही डिस्क फिरत असताना खाली आली. बंद असती तर कदाचित वाचली असती, कारण बंद होताना हेड तबकडीवरून बाजूला सरकून एका छोट्या उतारावर विसावते, आणि त्या स्थितीत ती बऱ्यापैकी धक्का सोसते. चालू असताना मात्र तोच धक्का हेडला तबकडीवर आपटतो. मी डिस्क उचलली, कानाशी धरली आणि ऐकले: टक्, टक्, टक्. या आवाजाचा अर्थ मला तेव्हाही ठाऊक होता. तबकडीवर हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा आधीच लिहिलेल्या असतात. त्या सापडल्या नाहीत, की भुजा मूळ जागी परतते आणि पुन्हा शोधायला निघते. त्या येरझाऱ्यांचा तो आवाज असतो. वाट चुकलेला माणूस पुन:पुन्हा उंबरठ्यावर येऊन उभा राहावा, तसे.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट ऐका. हे सगळे ठाऊक असूनही मी ती डिस्क पुन्हा जोडली. मग संगणक बदलून जोडली, मग केबल बदलून जोडली. एका स्नेह्याने ती पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना उपाय सुचवला. तो उपाय मी केला नाही, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते आणि तबकडीवर पाण्याचा थेंब हे हेडच्या उंचीच्या मानाने डोंगराएवढे संकट असते. पण सातव्यांदा जोडण्याचा मोह मात्र मला आवरला नाही. प्रत्येक वेळी दुखावलेले हेड त्या चुंबकीय थरावर ओरखडे काढत होते, म्हणजे जे वाचवायचे तेच मी खरवडत होतो. पुढे धूळविरहित खोलीत डिस्क उघडून काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे ती गेली आणि अर्ध्याहून थोडी अधिक छायाचित्रे परत आली. “पहिल्या ‘टक्’लाच बंद केली असती, तर बहुतेक सगळी आली असती,” असे ते म्हणाले. भाच्याला मी जे बोललो होतो, त्याबद्दल त्या संध्याकाळी मी त्याची क्षमा मागितली.

हार्ड डिस्कच्या जातीचे मूळ १९५६ सालात आहे. आयबीएमच्या रॅमॅक या यंत्रणेत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, डिस्कच्या त्या कपाटाचे वजन टनाच्या घरात होते, आणि त्यावर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. आज चांगल्या कॅमेऱ्यातल्या एका छायाचित्रालाही ती जागा पुरणार नाही. एवढे आकुंचन कसे साधले, त्याच्या अनेक कारणांपैकी एकाला नोबेलही मिळाले आहे. अत्यंत क्षीण चुंबकीय खूण वाचता येण्याला ज्या शोधाने हातभार लावला, तो आल्बेर फेर आणि पेटर ग्र्यूनबेर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे लावला आणि २००७ चे भौतिकशास्त्राचे पारितोषिक त्यांना मिळाले. खाली पडलेल्या वस्तूत एवढे सगळे होते, हे मला भाच्याला सांगायचे होते. तो तोपर्यंत निघून गेला होता.

आता पेन ड्राइव्ह. त्याच सुमारास माझा एक पेन ड्राइव्ह सदऱ्याच्या खिशातून कपडे धुण्याच्या यंत्रात गेला, साबणाच्या पाण्यात तासभर घुसळला गेला, दोन दिवस वाळवल्यावर संगणकाला जोडला आणि जणू काहीच झाले नाही असा उघडला. साहजिकच माझी त्याच्यावर श्रद्धा बसली. महत्त्वाचे काही त्यावर ठेवून मी तो खणात टाकला. त्याला कोणी हात लावला नाही, तो पडला नाही, भिजला नाही. दोन वर्षांनी जोडला, तेव्हा संगणकाने शांतपणे विचारले, ‘फॉरमॅट करायचे का?’

हा मुका मृत्यू समजून घेण्यासारखा आहे. पेन ड्राइव्हमध्ये हलणारे काहीच नसते. फुजिओ मासुओका यांनी तोशिबा कंपनीत १९८० च्या दशकात फ्लॅश स्मृती विकसित केली. तिच्यात चारही बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेल्या सूक्ष्म कप्प्यात विद्युतभार कोंडला जातो. तो आहे की नाही, आणि किती आहे, यावरून माहिती वाचली जाते. कोंडण्यासाठी आणि सोडवण्यासाठी इलेक्ट्रॉनांना त्या रोधक थरातूनच नेले जाते, आणि दर खेपेला थर थोडा झिजतो. एका कप्प्यात एकच बिट, म्हणजे शून्य किंवा एक यांपैकी एक अंक, ठेवले, तर भाराच्या दोनच पातळ्या ओळखाव्या लागतात आणि असा कप्पा साधारण लाखभर खेपा टिकतो. तीन बिट ठेवले की आठ पातळ्या होतात, चार ठेवले की सोळा. जागा वाढते, आयुष्य मात्र हजारांच्या किंवा त्याहूनही कमी खेपांवर येते. स्वस्त आणि भरपूर जागेच्या पेन ड्राइव्हमध्ये बहुधा हीच दाटीवाटी असते. झिजलेल्या थरातून भार काळाच्या ओघात झिरपतो, आणि उष्णतेत अधिक लवकर झिरपतो. शिवाय कोणती माहिती कोणत्या कप्प्यात आहे, याची वही कंट्रोलर नावाची चिप सांभाळते. ती चिप बिघडली किंवा वही फाटली, तर कप्पे शाबूत असूनही त्यांतले काय कुठले, हे कोणालाच कळत नाही. माझ्या खणात या दोहोंपैकी नेमके काय घडले, ते सांगायलाही तो पेन ड्राइव्ह उरला नव्हता.

म्हणून मी म्हणतो की हार्ड डिस्क पुष्कळदा कण्हून मरते आणि पेन ड्राइव्ह झोपेत जातो. पुष्कळदा म्हटले, नेहमी नव्हे. डिस्कचे सर्किट जळले तर तीही क्षणात गप्प होते. पण अनेकदा ती मंदावते, अडखळते, खराब झालेल्या जागांची मोजदाद स्वतःच ठेवते, आणि ऐकणाऱ्याला प्रत काढून घेण्याइतकी उसंत देते.

अध्यक्षमहोदयांनी चिठ्ठी पाठवली आहे. सहा मिनिटे उरली आहेत. छापलेला विषय आता सुरू करतो.

न्यायचे असेल तर पेन ड्राइव्ह आणि ठेवायचे असेल तर हार्ड डिस्क, हे माझे उत्तर. खिशात, प्रवासात, हातोहात देण्याघेण्यात धक्का ठरलेला असतो, आणि धक्क्याला पेन ड्राइव्ह भीत नाही. मात्र त्यावरची प्रत ही एकमेव प्रत कधीही नसावी. शेकडो जीबी वर्षानुवर्षे ठेवायचे असतील तर तेवढ्याच जागेसाठी डिस्क स्वस्त पडते आणि चुंबकीय खूण विजेविना कोंडलेल्या विद्युतभारापेक्षा अधिक धीराने टिकते. मात्र चालू असताना तिला हात लावू नये, आणि तिच्यावरच्या मजकुराचीही दुसरी प्रत दुसऱ्या वस्तूवर असावी.

वेगाबद्दल थोडक्यात. एकच मोठी फाइल असेल, तर सुवाह्य डिस्क सेकंदाला शंभर एमबीच्या पुढे सहज जाते, म्हणजे ५०० जीबी उतरवायला सुमारे दीड तास. पण जुन्या यूएसबी २.० च्या खाचेत तीच जोडली, तर चार तास, आणि दोष डिस्कचा नव्हे. हजारो बारीक फाइली असतील, तर दोघेही रडतात: डिस्कचे हेड प्रत्येकीसाठी हिंडते, आणि पेन ड्राइव्हला एक ओळ बदलायची तरी कप्प्यांचा अख्खा गट पुसून नव्याने लिहावा लागतो. अशा वेळी सगळ्या फाइली एका झिप फाइलीत बांधून पाठवाव्यात.

१ टीबीची डिस्क संगणक ९३१ जीबी दाखवतो, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ ने. अविश्वसनीय जागेचा अविश्वसनीय स्वस्त पेन ड्राइव्ह मात्र खरोखर फसवणूक असू शकते, कारण कंट्रोलरला खोटे बोलायला शिकवता येते. नवीन घेतल्यावर तो एकदा पूर्ण भरून, पुन्हा वाचून पाहावा. भरपूर जागा असूनही मोठी फाइल घेत नसेल, तर तो फॅट३२ पद्धतीने आखलेला आहे. त्यात ४ जीबीची फाइल मावत नाही, तो एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीने नव्याने आखावा, अर्थात आतले आधी काढून घेऊन.

सुवाह्य एसएसडीबद्दल, म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्हबद्दल, मागून कोणी विचारते आहे. ती फ्लॅशच्याच घराण्यातली, अधिक हुशार कंट्रोलरची आणि पुष्कळ वेगवान. रोजच्या कामाला उत्तम, विजेविना वर्षानुवर्षे खणात ठेवायला नव्हे.

शेवटचा मुद्दा, साधन काढण्याचा. ‘लिहून झाले’ असे संगणक म्हणतो, तेव्हा काही मजकूर त्याच्या स्मृतीतच रेंगाळत असू शकतो; ‘सेफली रिमूव्ह’ म्हणजे तो पोचता करण्याचा आदेश. डिस्कच्या बाबतीत त्यानंतरही तबकड्या थांबेपर्यंत काही सेकंद ती हलवू नये. आजच्या चित्रांचा पेन ड्राइव्ह अजून या संगणकात आहे. वेळ संपली आहे, तरी तो रीतसर काढेपर्यंत मला व्यासपीठावर राहू द्यावे.