ताडपत्रीखालची होडी

(दृश्य: गोव्यातल्या शापोरा नदीचा काठ. पाऊस. वर ओढून ठेवलेल्या होड्या.)

१ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस यांत्रिक मासेमारी बंद. होड्या काठावर. एखादीवर अजून माडाच्या झावळ्या, बाकी सगळ्यांवर निळी ताडपत्री.

मला विचाराल तर विकत घ्यायची जुनी बोट बघायचा हंगाम हाच. ऑक्टोबरात तीच बोट नवा रंग लावून पाण्यात डुलत असते. तळ दिसत नाही, आणि घेणाऱ्याचं मन तोवर मांडवीतल्या चोडण बेटावरच्या पक्ष्यांपर्यंत पोचलेलं असतं.

शापोराकाठच्या शिवोली गावातलं हे कुटुंब. आईवडील, दोन मुलं आणि आजी. आजीला पोहता येत नाही. हवी आहे सोळा-सतरा फुटी फायबरची बोट, मागे बाहेरून टांगलेलं आउटबोर्ड इंजिन, रविवारी नदीतल्या नदीत फिरायला. पुढे कधी मांडवीतून कुंभारजुवे कालव्यातही जायचं आहे. तिथे मगरी असतात हे आजीला अजून कुणी सांगितलेलं नाही.

(दृश्य: ताडपत्री निघते. मिस्त्री बोटीभोवती फिरतो.)

मिस्त्रीच्या हातात फक्त एक स्क्रू ड्रायव्हर, तोही उलटा धरलेला. मुठीनं तो कडेकडेनं ठोकत जातो. टक, टक, टक. मागच्या फळीपाशी आवाज बसतो. ढब.

इंजिन टांगतात ती ही फळी. बाहेरून फायबर, आत बहुतेक वेळा प्लायवूड. बोल्टच्या भोकातून पाणी झिरपतं आणि लाकूड आतल्या आत कुजतं. वर रंग मारला की काही कळत नाही. मिस्त्री इंजिनाचा पाय धरून वर-खाली हलवतो. फळी किंचित वाकते, बोल्टाजवळ केसाएवढी चीर उघडते आणि तिच्यातून तपकिरी पाणी येतं. भर नदीत ही फळी सुटली तर इंजिन तळाशी जाईल आणि त्या खिंडारातून पाणी आत.

मालक म्हणतात, ‘फेविकॉल लावलं की झालं.’ चेष्टेत म्हणाले असावेत.

इंजिनावर हात ठेवला तर कोमट. ‘दादा, हे आत्ताच चालवून ठेवलंय,’ मिस्त्री हळूच सांगतो. ‘थंड इंजिन कसं उठतं ते बघायला हवं.’

ही बोट तिथेच राहिली.

(दृश्य: दुसरी बोट, सकाळ.)

ही रंगानं उडालेली, पण ठोकल्यावर सगळीकडे एकच आवाज. इंजिन थंड. नळाचं पाणी जोडलं, तिसऱ्या झटक्याला सुरू झालं, आणि मागच्या बारीक भोकातून पाण्याची सरळ धार. म्हणजे पंप इंजिनाला गार ठेवतोय. खालच्या गिअरचं तेल काढून पाहिलं. ते दुधाच्या चहासारखं दिसलं असतं तर आत पाणी शिरलंय असं समजायचं. हे काळंच निघालं. पेट्रोलची नळी मात्र तडकलेली. ती आजच बदलायची, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीनं पेटते.

कागद पणजीला कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे, म्हणजे बोटींची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याकडे तपासायचे. नोंदणीतला इंजिन नंबर आणि इंजिनावर कोरलेला नंबर एकच हवा.

(दृश्य: कळंगुटचा किनारा, संथ लाटा.)

२५ डिसेंबर २०२४ ला इथे पर्यटकांची बोट उलटली, एक जण दगावला. या कुटुंबानं समुद्रात जायचं नाही असं ठरवलंय. शापोराच्या मुखाशी मोरजीकडे वाळूचे पट्टे आहेत, ओहोटीला लाटा तिथेच फुटतात. फेरी त्याच्या बरीच अलीकडे वळेल.

लाईफ जॅकेट मुलांच्या वजनाप्रमाणे घेतली, पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याची. मोठ्यांचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली.

(दृश्य: नारळी पौर्णिमेनंतरची एक शांत सकाळ. जेट्टी.)

पहिल्या फेरीला घरातलं कुणीच नाही. पाच माणसांच्या वजनाची वाळूची पोती बसली आहेत, सुकाणूवर मिस्त्री, तो पाण्यात पडला तर इंजिन आपोआप बंद करणारी दोरी त्याच्या मनगटाला. नदीच्या मध्यावर तो थांबतो, दोन पोती एका बाजूला सरकवतो. बोट कलते, थांबते, कड अजून पाण्यापासून वीतभर वर.

मुलं टाळ्या वाजवतात. आजी जेट्टीवर बसून आहे. जॅकेट सकाळपासून अंगातच, आणि पट्टा सोडायला ती तयार नाही.