दोन मतांचा नगरसेवक

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि त्या आकड्यांवरून मतदारसंघांच्या हद्दी नव्यानं आखतात. प्रत्येक मतदारसंघात माणसं जवळपास सारखी हवीत. मग तुरुंगातला माणूस कुठला धरायचा? जनगणनेचा नियम म्हणतो, जिथं राहतो-झोपतो, तिथला. म्हणजे कैदी मोजायचा तुरुंगाच्या गावात, पण तिथं त्याला मत नाही. पुन्हा सांगतो, मोजायचा तिथं, पण मत नाही.

याचं काय होतं, ते अनामोसात दिसलं. आयोवा राज्यातलं हे लहानसं गाव. तिथं पिवळसर चुनखडीच्या दगडाचा, किल्ल्यासारखा तुरुंग आहे. बांधला तोही कैद्यांनीच. गावाचे चार प्रभाग, 2000 च्या जनगणनेनुसार प्रत्येकात चौदाशेच्या आसपास माणसं. दुसऱ्या प्रभागात तुरुंग आला आणि तिथले तेराशेवर लोक निघाले कैदी! बाहेर राहणारे साठसुद्धा नाहीत.

2005 साली नगर परिषदेची निवडणूक लागली. या प्रभागातून उभं राहायला कुणीच नाही. पण तिकडे मतपत्रिकेवर स्वतःच्या हातानं नाव लिहिता येतं. तसं एका जेसीबी चालवणाऱ्या गृहस्थाचं नाव दोघांनी लिहिलं. एक मत बायकोचं, एक शेजारचं. झाला की नगरसेवक! दोन मतांवर! तुरुंगातले लोक तुमचे मतदार का, असं पुढं पत्रकारांनी विचारलं. ते मत देत नाहीत, तेव्हा तसे नाहीतच, असं तो म्हणाला. त्याला मी दोष देत नाही. दोष हद्दींचा. इथल्या साठांना जेवढं वजन, तेवढंच पलीकडच्या प्रभागातल्या चौदाशेंना. साठांना आणि चौदाशेंना सारखंच!

माझं तर ठाम मत आहे, नळाचं पाणी आणि दारातला कचरा ज्या निवडणुकीवर ठरतो, तीच सगळ्यात मोठी निवडणूक. आपल्याकडे या निवडणुका वर्षानुवर्षं रखडल्या, तेव्हा लोकांनी आवाज करायला हवा होता. असो.

अनामोसाच्या लोकांनी पुढं मतदान घेऊन प्रभागच मोडीत काढले. राज्यांच्या विधिमंडळांत मात्र हाच प्रकार मोठ्या आकड्यांत चालतो. न्यूयॉर्क शहरातली माणसं त्याच राज्याच्या दूर उत्तरेकडच्या तुरुंगांत. मोजली जायची तिकडे, त्यांची मुलंबाळं शहरात, आणि वजन वाढायचं तिकडच्या आमदाराचं. शिक्षा संपली की माणूस आपल्याच गल्लीत परततो ना? मग त्याला तिथलाच मोजा. मेरीलँड आणि न्यूयॉर्क या राज्यांनी 2010 मध्ये तसे कायदे केले. मेरीलँडचा कायदा 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही टिकला. त्यानंतर आणखी राज्यं या वाटेनं गेली.

जनगणना खात्यानं मात्र 2020 लाही जुनाच नियम ठेवला. बदल मागणारी हजारो पत्रं आली होती, तरीही. पुढची मोजणी 2030 ची. बदल करायचा, तर त्याआधी करावा लागेल.