आधी भावाकडे जा

बंधू-भगिनींनो,

शांतीसाठी प्रार्थना करायची म्हटलं की आपल्या ओठांवर आधी गाझा येतं, युक्रेन येतं. यावंच. पण तिथे आपल्याला कोणाच्या दारात जाऊन उभं राहायचं नसतं. शेजारच्या अंगणात, सख्ख्या भावाकडे जायचं म्हटलं की पाय जड होतात. म्हणून आज आपल्या वसईतलंच बोलतो.

मत्तयच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, येशू सांगतो, वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे तुला आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. नीट ऐका. ‘तुझ्या मनात’ काही असेल तर, असं तो म्हणत नाही. माझा राग गेलाय, मी मोकळा झालोय, एवढ्यानं भागत नाही. माझ्यामुळे कोण दुखावलंय?

आणि ऐकणारे होते गालीलातले. वेदी मात्र यरुशलेमेच्या मंदिरात. अर्पण ठेवून भावाकडे जायचं म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट, आणि तेवढीच पुन्हा परत. तोवर ते कोकरू कोणी सांभाळायचं? कोणीतरी हसलंच असेल. पण सांगणाराही गालीलातलाच होता, त्याला अंतर ठाऊक होतं.

मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या आपल्या मुख्य उपासनेत, कम्युनियनची पवित्र भाकर घेण्याआधी आपण एकमेकांना शांती देतो. भारतात ती हात जोडून देण्याची मुभा 1969 साली मिळाली. नमस्कार आपल्याला छान जमतो. डावीकडे मान, उजवीकडे मान, आणि ज्याच्याशी अबोला आहे तो नेमका खांबाआड! मिलानच्या अँब्रोझियन विधीत, म्हणजे तिथल्या मिस्साच्या वेगळ्या पद्धतीत, शांती देतात ती अर्पणाच्या आधी. मला तो क्रम जास्त पटतो.

आता जमिनीकडे येतो, कारण आपले पुष्कळ अबोले तिथूनच सुरू होतात. वडील मृत्युपत्र न करता गेले. वाडीला भाव आलेला. बहिणीला बोलावणं जातं, चहा होतो, इकडचं-तिकडचं बोलणं होतं, मग हक्कसोडपत्र पुढे सरकतं. ‘जरा वाचून बघते,’ असं ती म्हणाली की लगेच कोणीतरी म्हणतं, ‘बाय, घरात शांती राहू दे गं.’

कायदा काय म्हणतो? आपल्याला, ख्रिस्ती लोकांना, 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर आईला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींना सारखं. बहिणीनं आपखुशीनं सोडलं तर तिची मर्जी. पण शांतीचं नाव पुढे करून सही काढून घ्यायची, याला मी दमदाटीच म्हणेन. यिर्मया संदेष्ट्यानं असल्यांना केव्हाच सुनावलंय: लोकांची जखम वरवर बरी करता आणि शांती नसताना ‘शांती, शांती’ म्हणता. इथे मन दुखावलंय बहिणीचं. मग मत्तयप्रमाणे उठून जायचं कोणी? भावानं.

मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि नांदायला जा’ असं सांगणारेही आपल्यात आहेत, आणि ते देवाधर्माचे असतात याचं जास्त वाईट वाटतं. प्रेषित पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्रात सगळ्यांशी शांतीनं राहायला सांगतो खरं, पण ‘शक्य असेल तर’ आणि ‘तुमच्याकडून होईल तितकं’ असं म्हणून. क्षमा माहेरी राहूनही करता येते.

दोघंही अडून बसले तर? फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बायकांचं बिनसलं होतं. दोघी पौलाच्या बरोबरीनं राबलेल्या. तो बंदिवासातून लिहितो, ‘युवदीयेला विनंती करतो, सुंतुखेलाही विनंती करतो.’ विनंती दोनदा, प्रत्येकीला वेगळी. चूक कोणाची ते एका शब्दानं सांगत नाही. आणि तिथल्या एका सोबत्याला म्हणतो, यांना मदत कर.

तो सोबती आपल्यालाही लागतो. ज्याचा त्या सातबाऱ्याशी काही संबंध नाही, असा बघा. गावपुढारी नको. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अवाक्षर नको. मत्तयच्याच अठराव्या अध्यायात पहिलं बोलणं दोघांनी एकांतात करायचं आहे, मध्यस्थ त्यानंतर.

मला विचारतात, समेटाच्या बैठकीत जेवण आधी ठेवायचं की बोलणं? बोलणं आधी. जेवल्यावर आपल्याकडे सगळे डुलक्या काढतात, आणि विषय पुढच्या सणावर जातो.